लकवा किती वाजता आला?

आमच्या फॉर्मच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना आहे. दोन ओळींचा. फॉर्म ज्यांनी बनवला त्यांना वाटलं असेल, वाशीम जिल्ह्यात माणसाला लकवा झाला तर त्यावर दोन ओळींपेक्षा जास्त काय सांगण्यासारखं असणार! मी पहिल्याच महिन्यात फॉर्मच्या पाठीवर लिहायला लागलो. मॅडम म्हणाल्या, "मागे लिहू नका, मागची बाजू स्कॅन होत नाही." तेव्हापासून जे स्कॅन होत नाही ते सगळं माझ्याकडे साठत गेलंय. चार मित्र जमले, चहा आला, की त्यातलंच एकेक बाहेर निघतं.

आधी कामाचं सांगून टाकतो, नाहीतर कोणी म्हणायचं की हा लोकांच्या दुखण्यावर हसतो. बहुतेक वेळा मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकते आणि लकवा येतो. ती गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आमच्या हॉस्पिटलात आहे. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर फायदा कमी आणि धोका जास्त. आमचा प्रोजेक्ट एवढाच: लोक उशिरा का येतात, आलेल्यांचं पुढे काय होतं, आणि कोण किती बरा होईल हे आधी सांगता येतं का.

मॅडम मेंदूच्या डॉक्टर, पुण्याकडच्या. मी फॉर्म भरणारा, गावोगावी मला 'सर्वेवाले' म्हणतात. तिसरे गजूभाऊ, आमच्या जीपचे ड्रायव्हर. त्यांचं पुढे सविस्तर येईलच.

मॅडमच्या खुर्चीमागे एक पांढरा बोर्ड होता. पहिल्याच दिवशी त्यांनी त्यावर लिहिलं, 'खेड्यातून वेळेत पोचलेले पेशंट', आणि पुढे शून्य काढलं. मग महिने गेले. पेशंट यायचे, कोणी दुसऱ्या दिवशी, कोणी चौथ्या दिवशी. शून्य तसंच. मॅडम कोणाला काही बोलायच्या नाहीत. सकाळी आल्या की मार्कर जागेवर आहे का तेवढं बघायच्या.

*

फॉर्मवरचा पहिला प्रश्न: लकवा किती वाजता आला?

मंगरूळपीर तालुक्यातला एक पोरगा वडिलांना घेऊन आला. त्याला विचारलं. म्हणाला, "मंगरूळच्या गाडीच्या टायमाले."

"गाडी किती वाजता येते?"

"येते तवा येते."

आता फॉर्मवर 'येते तवा' कसं लिहायचं? मी दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर गेलो. कंट्रोलर भला माणूस. त्यानं रजिस्टर काढलं, चष्मा लावला, बोट फिरवलं. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी ते गाडी रद्दच होती."

मी पोराला फोन केला. "भाऊ, त्या दिवशी गाडी आलीच नव्हती म्हणतात."

तो म्हणाला, "तरीच! बाबा पार दुपार होईस्तोवर फाट्यावर बसून होते. जाणारा येणारा राम राम करे. आमाले वाटलं, गाडीची वाट पाहून राह्यले!"

फॉर्मवर लिहिलं: वेळ अज्ञात.

*

वेळ सांगता येत नसेल तर दुसरा नियम आहे. पेशंटला शेवटचं चांगलं कधी पाहिलं होतं, ते विचारायचं आणि तिथून तास मोजायचे.

कारंज्याचे एक काका आले. बाजारात धान्याचं माप करण्यात आयुष्य गेलेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं बंद. स्ट्रेचरच्या बाजूला काकू उभ्या, हातात पिशवी. मॅडमनी घाईघाईत विचारलं, "काकांना शेवटचं चांगलं कधी पाहिलं होतं तुम्ही?"

"चांगलं?" काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं. "ह्या मानसाले? बाप्पा! बेचाळीस वर्स झाले लग्नाले, अजून तरी नाही पाह्यलं!"

स्ट्रेचरवर काका हसले. अर्ध्याच तोंडानं हसले, पण हसले.

मॅडमनी फॉर्मवर लिहिलं: समज शाबूत.

*

मॅडम नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. बोलणं तपासायला पेशंटकडून एक वाक्य म्हणवून घ्यायचं असतं. मॅडमनी सोपं वाक्य निवडलं होतं, 'सकाळी बाळ शाळेत गेलं.'

पहिला पेशंट म्हणाला, "सकायी बाय शायेत गेलं." मॅडमनी लिहिलं, उच्चारात दोष. दुसरा म्हणाला, "सकायी बाय शायेत गेलं." उच्चारात दोष. आठवडाभर जो येईल त्याच्या उच्चारात दोष! मॅडमना शंका आली. त्यांनी पेशंटच्या धडधाकट भावाला तेच वाक्य म्हणायला लावलं. त्याच्यातही दोष. त्याच्या बायकोतही दोष.

मी काही बोललो नाही. नवीन नोकरी होती.

शेवटी मॅडमनी वॉर्डातल्या शांताबाईंना बोलावलं. शांताबाई म्हणजे आमच्या वॉर्डाची आया, तीस वर्षं तिथेच. त्या फडकं पिळत म्हणाल्या, "सकायी बाय शायेत गेलं. काहून वं मॅडम, कोनाचं बाय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हणजे जिल्हा बरा आहे. वाक्यच आजारी आहे."

*

ह्याच शांताबाईंनी पुढे प्रोजेक्टची वाट लावली.

कोण किती बरा होईल हे सांगायला मॅडमच्या कॉम्प्युटरात एक प्रोग्राम होता. वय टाका, बीपी टाका, स्कॅन टाका, की तो सांगायचा, तीन महिन्यांनी हा माणूस आपल्या पायानं चालेल की नाही. शांताबाई खाटेपाशी जाऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हा जाते चालत." किंवा नुसतीच मान हलवायच्या. मी गंमत म्हणून वहीत दोन रकाने आखले, एक कॉम्प्युटरचा, एक शांताबाईंचा. सहा महिन्यांनी मोजलं तर शांताबाई पुढे!

मॅडमना दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. शांताबाईंना समोर बसवून विचारलं, "तुम्ही नेमकं काय बघता?"

"काही नाही वं माय. चाय देतो. जो म्हनते चाय फिकी हाये, थो घरी जाते. जो मुकाट पेते, त्याचं काही खरं नाही."

मॅडमनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि फॉर्ममध्ये नवीन प्रश्न टाकला: पेशंट चहाबद्दल तक्रार करतो का? हो की नाही. तो फॉर्म वर मंजुरीला गेला. वरून एका ओळीचं उत्तर आलं: सर्व पेशंटना एकसारखा चहा दिला जातो का?

प्रश्न बरोबर होता. मग चहाचं माप ठरलं. इतकं दूध, इतकी पत्ती, साखर अर्धा चमचा. शांताबाईंच्या हातात मोजायचा चमचा दिला.

दुसऱ्या दिवसापासून सगळा वॉर्ड तक्रार करायला लागला. पेशंट, नातेवाईक, नर्स, सगळे. कॉम्प्युटर पुन्हा पुढे गेला.

*

घरी गेलेल्या पेशंटला आम्ही दर महिन्याला फोन करतो. शिरपूरकडचे एक आजोबा होते, त्यांना ह्या फोनचा भयंकर वैताग.

"जेवता का स्वतःच्या हातानं?"

"मंग काय तुह्या हातानं जेवू?"

चौथ्या महिन्यात म्हणाले, "असं कर, माह्यं नाव मेलेल्याइत टाकून दे."

"आजोबा, असं नाही टाकता येत."

"मंग मेल्यावर फोन करजो!"

मी समक्ष गेलो. सून दारात आली, पदर सावरला, म्हणाली, "काय सांगू भाऊ, त्याइच्यानं काहीच होत नाही. खाटंवरून उठत नाही." अपंगाचा दाखला मिळेल अशी त्या घराला आशा होती. मी पायरीकडे पाहिलं. आजोबांच्या चपला जागेवर नव्हत्या. ह्या कामात माणूस काय सांगतो ते नंतर ऐकायचं, आधी चपला बघायच्या.

आजोबा हॉटेलात सापडले. बशीत भजी.

"आता लिहितो, पेशंट चालतो, हॉटेलपर्यंत येतो."

"लिहा. मंग फोन बंद होईन ना?"

"नाही. वर्षभर सुरू राहील."

त्यांनी भजं खाली ठेवलं. "मंग मेलो म्हूनच लिहा."

*

आता गजूभाऊ.

गजूभाऊ गाडी चालवायचे ते पोटासाठी. खरा जीव नाटकात. गावातल्या गणपतीत दरवर्षी नाटक, आणि दरवर्षी शेवटच्या अंकात मरायचे गजूभाऊच. लोकांना लकव्याची लक्षणं समजावीत म्हणून मॅडमनी रंगीत पत्रकं छापली होती. त्या पत्रकांत लोकांनी भजी बांधून नेली. तेव्हा गजूभाऊ म्हणाले, "मॅडम, कागद राहू द्या. मी करून दाखवतो."

मग आठवडी बाजाराच्या दिवशी आमचा कार्यक्रम सुरू झाला. गजूभाऊ गर्दीत उभे राहून गप्पा मारायचे. बोलता बोलता तोंड वाकडं व्हायचं, डावा हात लटकायचा, शब्द जड व्हायचे आणि माणूस धाडकन खाली! लोक ओरडायचे. मग गजूभाऊ उठून कपडे झटकायचे, म्हणायचे, "असं झालं तर कुशीवर वळवा, पाणी पाजू नका, तेल लावत बसू नका, घड्याळ पाहा, अन् सीधे वाशीमले या." टाळ्या!

आमची जागा ठरलेली होती, द्वारकाबाईंच्या दुकानासमोर. दुकान म्हणजे खाली अंथरलेलं पोतं आणि त्यावर वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. द्वारकाबाईंचा गावाबाहेर भाजीचा मळा. ज्या बाजाराला आम्ही, त्या बाजाराला त्या. त्यामुळे प्रत्येक प्रयोग त्यांनी पाहिलेला, आणि गिऱ्हाईक तुटतं म्हणून प्रत्येक वेळी वैतागलेल्या.

पहिल्या प्रयोगानंतर गजूभाऊंनी कौतुकाच्या आशेनं विचारलं, "कसं झालं बाई?"

"दारू पेलेला वाटते."

गजूभाऊंचं तोंड खरंच वाकडं झालं. दुसऱ्या बाजारी जीव ओतून केलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "आता पेलेला नाही वाटत. आता मिरगी आल्यासारखं वाटते." तिसऱ्या बाजारी गजूभाऊ समोरच बसले. "बाई, तुमीच सांगा, कसं करू?"

द्वारकाबाईंनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "लकवा आलेला मानूस लोकाइकडं नाही पाहत बाबू. थो आपल्या हाताकडं पाहते. हा हात माह्याच हाये का, असं. आमच्या घरचे तसेच पाहत होते. आमाले वाटलं मुंग्या आल्या असतीन. रातभर तेल लावत बसलो मी."

त्यांचे मालक मग तीन वर्षं खाटेवर होते आणि गेले. एवढं सांगून त्यांनी गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून दिल्या.

त्या दिवसापासून गजूभाऊ हात पाडला की हाताकडे पाहायचे. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. पण सवय वाईट! खाली पडायच्या आधी एक क्षण चोरून द्वारकाबाईंकडे नजर टाकायचेच, जमलं का म्हणून. द्वारकाबाई कधी मान हलवायच्या, कधी नाक मुरडायच्या.

बाजारामागून बाजार गेले. लोक नाटकाला वेळेत यायचे, हॉस्पिटलात नाही. बोर्डावर शून्यच.

*

शिरपूरचा बाजार होता. ऊन चांगलंच तापलेलं. कार्यक्रम झाल्याचा पुरावा लागतो म्हणून मी मोबाइलवर शूटिंग करत होतो.

गजूभाऊ बोलायला लागले. मधेच शब्द जड झाले. मी मनात म्हटलं, आज जरा लवकरच सुरू केलं. हात लटकला. ते हाताकडे पाहत राहिले. कितीतरी वेळ पाहत राहिले. इतकं सुंदर त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. मग खाली बसले, आणि कलंडले.

टाळ्यांचा पाऊस पडला! त्या शूटिंगमध्ये सगळ्यात मोठी टाळी ऐकू येते ती माझी. मोबाइल काखेत धरून वाजवलेली. मला आजही ती ऐकवत नाही.

द्वारकाबाई मात्र उभ्या राहिल्या होत्या. वांग्यांवरून सरळ चालत आल्या. "अबे टाया काय वाजवून राह्यले! उचला त्याले!"

मी म्हटलं, "बाई, नाटक आहे."

"नाटक नाही थे! रोज पडाच्या आंधी माह्याकडं पाहते. आज नाही पाह्यलं!"

मी खाली वाकलो. "गजूभाऊ!" डोळे उघडे, तोंडातून नुसता घरघर आवाज. आणि हात उजवा होता. नाटकात ते डावा पाडायचे. मी इतके प्रयोग पाहिलेला माणूस, मला ते दिसलं नव्हतं.

आता गाडी? जीप समोरच उभी, पण तिचा ड्रायव्हर जमिनीवर. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. लोकांना साडेचार तास शिकवत फिरणारे आम्ही, पण ड्रायव्हरलाच लकवा आला तर काय, हे आमच्या कोणत्याच पत्रकात नव्हतं! द्वारकाबाईंनी आपल्या भाजीच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. पोती खाली फेकली आणि गजूभाऊंना वर घेतलं. द्वारकाबाईंचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी गजूभाऊंना कुशीवर वळवलं, कोणालाही पाणी पाजू दिलं नाही, तेलाचं तर नाव काढू दिलं नाही. सगळं त्या नाटकातच शिकल्या होत्या. मी नुसता गजूभाऊंचा पाय धरून बसलो आणि मोठ्यानं रडलो.

हॉस्पिटलच्या गेटवर गार्डनं टेम्पो अडवला. "भाजीपाला मागच्या गेटानं!"

द्वारकाबाई वरून ओरडल्या, "हा माल सडून राह्यला बाबू, गेट उघड!"

मॅडम धावत आल्या. ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. नेहमीचा प्रश्न विचारला, "किती वाजता?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होतं. मोबाइल काढून दिला. मिनिट, सेकंद, सगळं. मॅडमनी ते टाळ्यांसकट पाहिलं. स्कॅन झाला. इंजेक्शन दिलं तेव्हा दोन तासही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गजूभाऊंच्या उजव्या हाताची बोटं हलली. शांताबाईंनी मोजलेल्या चमच्याचा चहा पाजला. गजूभाऊंनी तो गिळला, तोंड कसनुसं केलं आणि मोठ्या कष्टानं एक शब्द काढला, "फि...की."

शांताबाई तिथेच खुर्चीत बसून रडल्या. मॅडम खोलीत गेल्या आणि बोर्डावरचं शून्य पुसलं. पण इतक्या महिन्यांत मार्कर वाळून गेला होता. त्यावरचा एकचा आकडा माझ्या बॉलपेननं लिहिलाय.

*

तीन महिन्यांनी गजूभाऊंचा फॉर्म भरायची पाळी माझीच. त्यांच्या ओसरीवर बसलो. चालतात. हातानं जेवतात. बोलणं जरा सावकाश, तोंड हसताना किंचित ओढल्यासारखं. मी शेवटचा प्रश्न वाचला, "लकव्याच्या आधी जी कामं करत होता, ती सगळी करता येतात का?"

"गाडी नाही अजून. मॅडम नाही म्हनते."

"बाकी?"

गजूभाऊंनी फॉर्मवर हात ठेवला. म्हणाले, "बाकीचं लिहू नको आताच. थे द्वारकाबाईसमोर केल्याबिगर कसं सांगू?"

रकाना कोरा ठेवला. पुढच्या बाजारी नवीन ड्रायव्हरसोबत आम्ही शिरपूरला गेलो. मी फॉर्म आणि पेन घेऊन उभा. शूटिंग सुरू. ह्या वेळी मॅडमही आल्या होत्या, गर्दीच्या मागे, हात छातीशी घट्ट बांधून.

गजूभाऊ बोलायला लागले. तोंड वाकडं झालं. डावा हात लटकला. ते हाताकडे पाहत राहिले. सगळा बाजार चिडीचूप, टाळी वाजवायची कोणाची हिंमत होईना.

मग खाली पडायच्या आधी गजूभाऊंनी चोरून द्वारकाबाईंकडे पाहिलं.

द्वारकाबाईंनी गिऱ्हाइकाची वांगी तोलली, पिशवीत टाकली, आणि मग मान वर केली.

"मांगच्या बारीले जास्त खरं वाटत होतं."